पेशीच्या दारातला हमाल

परळला १९४१ साली उघडलेल्या टाटा रुग्णालयाची वाट नांदेड-लातूरकडील पुष्कळ कर्करोगी आजही धरतात. त्यांतला एखादा बरा होऊन परततो आणि काही काळाने रोग पुन्हा उचल खातो. पूर्वी गुण देणारे औषध आता लागू पडत नाही. मग घरात बोल लावणे सुरू होते. पथ्य मोडले, औषध बनावट निघाले, नाहीतर घरच्या बाईने हयगय केली! कामगारवस्त्यांतून आम्ही हे किती वेळा ऐकले आहे. या प्रश्नाचा इतिहास मात्र निराळेच सांगतो.

१९४७ साली बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना अमिनोप्टेरिन देऊन पाहिले. ते तयार करणाऱ्या संशोधकांचे प्रमुख होते आंध्रातील यल्लाप्रगडा सुब्बराव. काही मुले उठून खेळू लागली; पण थोड्याच महिन्यांत रोग उलटला. १९५८ साली कॅनडातून सदाफुलीपासून काढलेल्या व्हिनब्लास्टिनची वार्ता आली. (तीच सदाफुली, जी आपल्या अंगणात फारसे पाणी न मागता फुलते.) पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन आले. अनुभव पुन्हा तोच.

कोडे उलगडू लागले ते १९७६ साली. टोरांटोत रुडी जुलियानो व व्हिक्टर लिंग यांनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या, कोल्चिसिनला न जुमानणाऱ्या पेशी तपासल्या. हे कोल्चिसिन आपल्या रानातील कळलावीतही असते. त्या पेशींच्या आवरणात एक मोठे प्रथिन विपुल आढळले; त्याला पी-ग्लायकोप्रोटीन म्हणतात. नवल असे की, एका औषधाला सरावलेल्या या पेशी ज्यांच्याशी कधी गाठ पडली नाही अशा इतर औषधांनाही दाद देत नव्हत्या.

लातूरच्या आडतीवर ज्याने हमाल पाहिला आहे त्याला हे समजणे जड नाही. पोते तुरीचे की हरभऱ्याचे हे तो पाहत नाही. पाठीवर घेतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हे प्रथिनही आत शिरलेले औषध तसेच बाहेर टाकते. हमाली येथेही फुकट नाही. एटीपी नावाचे इंधन दर खेपेला मोजावे लागते.

मग या हमालालाच थोपवावे! १९८१ साली जपानचे ताकाशी त्सुरुओ यांनी व्हेरापामिल या हृदयविकारावरील औषधाने व्हिन्क्रिस्टिनचा गुण उंदरांत परत आणून दाखविला. माणसांत मात्र त्याची लागणारी मात्रा हृदयालाच सोसेना, आणि मागाहून आलेल्या औषधांनीही मोठ्या चाचण्यांत निराशाच केली. एक कारण असे की, हाच हमाल निरोगी आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत राबून विषारी द्रव्ये बाहेर काढीत असतो. त्याचा सरसकट संप साऱ्या शरीरालाच महागात पडतो.

सगळा दोष हमालाचाही नव्हे. इमॅटिनिबची गोळी ज्या बीसीआर-एबीएल प्रथिनावर बसते, तेच प्रथिन कधी कधी आपला घाट बदलते, हे २००१ साली उघड झाले. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही लढविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी या औषधावरील नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी टिकली. ती चुकविणे घातकच. परंतु एकही गोळी न चुकविता प्रथिनाचा घाट बदलू शकतो. आणि तो बदलला की नाही हे रक्ताच्या तपासणीत दिसते, घरच्या बाईची उलटतपासणी घेऊन नव्हे. इमॅटिनिबला मुळीच न जुमानणाऱ्या अशा एका बदलावर पोनाटिनिब चालते. ते अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाले.