मोटारसायकलच्या सायलेन्सरचे आयुष्य आणि ध्वनिप्रदूषण : कुरुंदा परिसराच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव नरहर कुरुंदकर यांच्या आडनावामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्याचा भाग असलेला हा परिसर १९४८ मध्ये भारतात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १ मे १९९९ रोजी नवनिर्मित हिंगोली जिल्ह्यात समाविष्ट झाला. याच कालखंडात मोटारसायकल ही ग्रामीण मराठवाड्यात चैनीची वस्तू न राहता शेत, बाजार, दवाखाना व महाविद्यालय यांना जोडणारे साधन बनली. तिच्या आवाजाची चर्चा मात्र बहुधा तरुणांच्या बेशिस्तीपुरती मर्यादित राहते. सायलेन्सर ही झिजणारी वस्तू आहे, याकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे.

सायलेन्सरची रचना व पॅकिंगचे कार्य :

अमेरिकेतील इंडियाना राज्यातील रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये इंजिनाच्या सायलेन्सरचे पेटंट मिळविले. पुढे या साधनाच्या दोन पद्धती रूढ झाल्या. पहिल्या पद्धतीत आतील कप्पे व नळ्या यांवर ध्वनिलहरी परावर्तित होऊन परस्परांना क्षीण करतात. दुसऱ्या पद्धतीत छिद्रे असलेल्या नळीभोवती काचतंतूंचे किंवा पोलादी तंतूंचे पॅकिंग भरलेले असते. ध्वनिलहरी तंतूंमध्ये शिरतात आणि घर्षणामुळे त्यांच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. पॅकिंग प्रामुख्याने मध्यम व उच्च स्वर शोषते. इंजिनाचा खर्जातील ठोका रोखण्यास कप्पेच लागतात.

पॅकिंगचे आयुष्य निश्चित किलोमीटरांत सांगता येत नाही. उष्णता, इंजिनाचे धक्के, तेलाचा अंश व पाण्याची वाफ यांमुळे तंतू ठिसूळ होतात, तुटतात आणि धुरासोबत बाहेर फेकले जातात. शर्यतीच्या वाहनांत ते वारंवार बदलावे लागते. रस्त्यावरील वाहनांत अधिक काळ टिकते. आवाज पोकळ व धातूसारखा होणे आणि बाहेरचे कवच पूर्वीपेक्षा जास्त तापणे, ही ते संपल्याची लक्षणे होत. डेसिबल हे लघुगणकीय परिमाण असल्याने १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनितीव्रता दसपट होणे होय.

टू-स्ट्रोक ते फोर-स्ट्रोक : देखभालीतील स्थित्यंतर :

राजदूत व येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांच्या काळात पेट्रोलसोबत तेल जळत असे. त्यामुळे सायलेन्सरमध्ये काजळी साचून गाडीची ताकद घटे. मेकॅनिक सायलेन्सर उघडून कार्बन काढीत असत. सायलेन्सरला देखभाल लागते, हे ज्ञान त्यामुळे मालकासही होते.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडी बाजारात आली. त्याच वर्षी औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. फोर-स्ट्रोक गाड्यांचे सायलेन्सर बहुतांशी कप्प्यांचे व जोडकाम करून बंद केलेले असतात. ते उघडण्याची गरज संपली आणि देखभालीची सवयही लोपली. पुढे बुलेटसारख्या गाड्यांवर मूळ सायलेन्सर काढून बाजारातील सरळ नळीचे सायलेन्सर बसविण्याची प्रथा वाढली. यांपैकी काहींत पॅकिंग असते, काहींत नावापुरतेही नसते. ज्या पिढीस सायलेन्सर उघडण्याची सवय नव्हती, तिच्या हाती नियमित देखभाल मागणारे सायलेन्सर आले. परिणामी सुरुवातीस सुसह्य वाटणारा आवाज कोणतीही नवी छेडछाड न करताही वाढत जातो.

कायद्याची चौकट व तिच्या मर्यादा :

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० अन्वये सायलेन्सर बंधनकारक आहे. २००५ पासून नव्या दुचाकींसाठी ८० सीसीपर्यंत ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ व त्यापुढे ८० डेसिबल अशी उत्पादनस्तरावरील मर्यादा लागू झाली. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल ही मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातील कलम १९०(२) खालील दंड १० हजार रुपयांपर्यंत वाढला. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोड रोलरही फिरविला.

तथापि, ही चौकट कारखान्यातील नवे वाहन आणि रस्त्यावर पकडलेला चालक या दोन टोकांकडेच पाहते. पीयूसी केंद्रावर धूर तपासला जातो, आवाज नाही. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्या अवधीत सायलेन्सर कितीही झिजला तरी आवाजाची नियतकालिक तपासणी होत नाही.

निष्कर्ष :

१. वाहनाची शांतता हा कायमस्वरूपी गुण नसून देखभालीवर अवलंबून असलेली अवस्था आहे.

२. टू-स्ट्रोक काळातील देखभालीचे ज्ञान लोप पावणे, हे आजच्या प्रश्नाचे एक दुर्लक्षित कारण आहे.

३. पीयूसी तपासणीस उभ्या वाहनाच्या ध्वनिमापनाची जोड दिल्यास दंडापूर्वी दुरुस्ती शक्य होईल. कुरुंद्यासारख्या गावात शाळा व दवाखाना रहदारीच्या रस्त्यालगतच असतात. तेथे जप्तीच्या मोहिमेपेक्षा अशी नियमित तपासणी अधिक उपयुक्त ठरेल.