हिरव्या रक्ताचा माग

‘स्टार ट्रेक’मधला स्पॉक जखमी झाला की हिरवं रक्त येतं. मालिकेनं कारणही दिलंय: माणसाच्या रक्तात लोह, स्पॉकच्या व्हल्कन या परग्रही वंशाच्या रक्तात तांबं. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या मालिकेच्या चाहत्यांमध्ये या रक्तावरून जुना वाद आहे. तांबं असेल तर रक्त निळं हवं!

आक्षेप बिनतोड आहे. ऑक्टोपस, झिंगे, आपली कोकणातली चिंबोरी, या सगळ्यांच्या रक्तात हिमोसायनिन असतं. त्यातलं तांबं प्राणवायूशी जोडलं गेलं की रंग निळा होतो. उलट काही समुद्री किड्यांच्या रक्तातलं क्लोरोक्रुओरिन पातळ असताना हिरवं दिसतं, आणि त्यात असतं लोह! न्यू गिनीतल्या काही सरड्यांचं रक्त खरोखर हिरवं असतं, पण ते बिलिव्हर्डिन या पित्तरंजकामुळे. मग स्पॉकच्या अंगात तांब्याबरोबर आणखी एखादं रंजकद्रव्य असेल का? मला हा वाद फार मोलाचा वाटतो. पडद्यावरचा रंग एकानं ठरवला, पण त्याचं रसायन जुळतंय का हे पाहायची जबाबदारी प्रेक्षकांनी आपण होऊन घेतली.

या सवयीचं मूळ बरंच मागे जातं. १८९८ साली पुस्तकरूपात आलेल्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये एच. जी. वेल्सनं मंगळवासीयांना पचनसंस्थाच ठेवली नाही. ते दुसऱ्या प्राण्यांचं रक्त थेट आपल्या शिरांत घेतात. शेवटी त्यांचा जीव जातो तो पृथ्वीवरच्या जंतूंनी. परग्रहवासीयाच्या शरीरावर अख्खी गोष्ट उभी राहू शकते, हे वाचकांना तिथे नीट दिसलं.

१९२६मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकनं ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढलं. त्यात वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासह छापली जात. या पत्त्यांनीच खरं काम केलं. गोष्टीतल्या विज्ञानाची चूक काढणारा गावात एकटा असे. आता त्याला दुसऱ्या गावातला तसाच माणूस सापडला. पत्रव्यवहार वाढला, पुढे मंडळं निघाली.

१९३४मध्ये स्टॅन्ली वाइनबॉमच्या ‘अ मार्शन ओडिसी’त सिलिकॉनचा प्राणी आला. आपल्या शरीरात कार्बन जळून वायू होतो, तो उच्छ्वासातून जातो. सिलिकॉन जळलं तर होते सिलिका, म्हणजे वाळू. ती नाकावाटे कशी जाणार? म्हणून हा प्राणी विटा टाकतो आणि त्याच विटांचे पिरॅमिड स्वतःभोवती रचत जातो. इतका काटेकोर विचार केलेला परका जीव त्याआधी क्वचितच कुणी लिहिला असेल. ‘स्टार ट्रेक’मध्ये १९६७ साली खडक पोखरणारी होर्टा आली, तीही सिलिकॉनचीच.

त्याच वर्षी ‘स्पॉकॅनेलिया’ हे मालिकेच्या चाहत्यांचं पहिलं नियतकालिक निघालं. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या, टपालानं पाठवायच्या. संपादक दोघी बायका होत्या, डेव्ह्रा लँगसॅम आणि शर्ना कॉमरफोर्ड. स्पॉकचा रक्तगट ‘टी निगेटिव्ह’ असल्याचं एका भागात कळलं, तर १९६९मध्ये रूथ बर्मननं आपल्या नियतकालिकाला तेच नाव दिलं. मूळ मालिका त्याच वर्षी बंद झाली. चर्चा मात्र बंद झाली नाही.

आणि ती निर्मात्यांपर्यंत पोचली. मूळ मालिकेत क्लिंगॉन या दुसऱ्या परग्रही वंशाच्या लोकांची कपाळं माणसासारखी सपाट होती. १९७९च्या चित्रपटात मेकअपला पैसा मिळाला आणि कपाळांवर हाडांचे उंचवटे आले. एकाच वंशाची कवटी अशी कशी बदलली? चाहत्यांनी हा प्रश्न कधी सोडला नाही. नंतरच्या एका ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या १९९६मधल्या भागात पात्रांनीच क्लिंगॉन वॉर्फला तो विचारला; बाहेरच्यांशी आम्ही त्याबद्दल बोलत नाही, एवढ्यावर त्यानं विषय मिटवला. खरं उत्तर आलं फेब्रुवारी २००५मध्ये, ‘स्टार ट्रेक’च्याच ‘एंटरप्राइज’ या मालिकेच्या सलग दोन भागांत: जनुकीय प्रयोगातून पसरलेल्या विषाणूनं कपाळं सपाट केली होती. ‘एंटरप्राइज’ बंद करायचा निर्णयही त्याच महिन्यात जाहीर झाला होता.