गिरणीतले गोळे, बोटीतली पेटी

मोटारबोटीला बांधलेली दोरी धरून पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळ, म्हणजे वॉटर स्कीइंग, आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिलेला असतो. त्यातल्या स्लालम या प्रकारात पाण्यात नांगरलेले सहा बोये असतात. बोट मधून सरळ जाते आणि मागचा खेळाडू नागमोडी वळत एकेका बोयाला बाहेरून वळसा घालतो. प्रवेशद्वारापासून पहिला बोया २७ मीटरवर, पुढचे पाच ४१-४१ मीटरवर, आणि शेवटच्या बोयापासून बाहेरचे द्वार पुन्हा २७ मीटरवर. बेरीज २५९ मीटर. पुरुषांच्या गटातला कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर. म्हणजे बोटीने हे अंतर १६.०८ सेकंदांत कापायला हवे. (हे गणित नववीच्या वर्गाला जरूर घालावे.)

अडचण अशी की बोटीवरचा भार सारखा बदलत असतो. बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटर दूर असतो. दोरी सुरुवातीला १८.२५ मीटर असते आणि प्रत्येक यशस्वी फेरीनंतर ती टप्प्याटप्प्याने कमी करतात. ती ११.२५ मीटरवर आली की बोयापेक्षा आखूडच झाली! मग खेळाडूला अंग आडवे टाकून, हात लांबवून बोया गाठावा लागतो. असे वळून तो उलट बाजूला झेपावतो तेव्हा दोरीला जबर ओढ बसते आणि बोट मंदावते. ओढ सुटली की बोट पळू बघते. सोळा सेकंदांत हे सहा वेळा घडते. वेगात एक टक्का चूक झाली तर पूर्ण फेरीत फरक पडतो तो सेकंदाच्या सहाव्या हिश्शाचा, पण आखूड दोरीवर तेवढाही पुरतो.

पूर्वी हे सगळे चालकाच्या हातावर होते. इंजिनाचा आवाज ऐकून तो थ्रॉटलचा दांडा जरासा पुढे ढकली, जरासा मागे घेई, आणि शेजारचा माणूस घड्याळ लावून वेळ सांगे. समोरचा वेगमापक बहुधा पिटो नळीचा असे. नळीच्या तोंडावर पाण्याचा जो दाब पडतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५८ किलोमीटरला हा दाब सुमारे १३० किलोपास्कल भरतो. पण नळीच्या तोंडात शेवाळ अडकले की वाचन चुकले. तेव्हा प्रश्न उभा राही : दोन बोटी, दोन चालक, आणि दोन खेळाडूंचे गुण सारखे, त्यांनी एकाच कसोटीला तोंड दिले असे म्हणायचे का?

भार बदलला तरी वेग तोच ठेवायचा, हे कोडे मात्र बोटींपेक्षा फार जुने आहे. ते गिरणीवाल्यांचे. वारा वाढला की पवनचक्कीचे जाते भरधाव फिरे. १७८७ साली टॉमस मीड यांनी फिरत्या गोळ्यांच्या मदतीने त्याला आवर घालण्याचे पेटंट घेतले. लंडनच्या अल्बियन मिलमध्ये असे यंत्र बोल्टन यांच्या पाहण्यात आले. त्यांनी ते भागीदार जेम्स वॉट यांना कळवले आणि १७८८ मध्ये वॉटनी तीच युक्ती वाफेच्या इंजिनाला लावली. दांड्याबरोबर दोन जड गोळे फिरतात. वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि त्यांना जोडलेली तरफ वाफेची झडप थोडी मिटते. वेग घटला की गोळे खाली येतात, झडप उघडते. आपल्याकडे गुऱ्हाळावर डिझेल इंजिन चालताना ज्यांनी ऐकले असेल त्यांना हे समजावून सांगायला नको. चरकात उसाची मोळी गेली की इंजिनाचा आवाज दबतो आणि लगेच सावरतो. तो सावरणारा गव्हर्नर म्हणजे वॉटच्या गोळ्यांचाच वंशज.

वॉटच्या गोळ्यांत दोन उणिवा होत्या. भार वाढल्यावर झडप जास्त उघडी ठेवायची तर गोळे थोडे खालीच राहायला हवेत, म्हणजे वेग जरासा कमीच राहणार. ही तूट काढायला नियंत्रक अधिक तीव्र करावा, तर दुसरेच संकट. ग्रीनिचचे खगोलवेत्ते जॉर्ज एअरी यांना ते भेटले. आकाशातला तारा न सुटता दुर्बीण संथ फिरत राहावी म्हणून त्यांनी गव्हर्नर लावला, तर यंत्र कधी पुढे कधी मागे झोके घेऊ लागले. १८४० साली त्यांनी त्याचे गणित मांडले. पुढे १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गव्हर्नरवर निबंध लिहून हे झोके केव्हा विरतात आणि केव्हा वाढत जातात याची अट शोधली. विद्युतचुंबकत्वाची समीकरणे देणारा हाच मॅक्सवेल. शाळेच्या पुस्तकांत त्याच्या या निबंधाला जागा मिळत नाही, आणि आम्हाला ते खटकते.

१९२२ या सालात आपल्या विषयाचे दोन्ही धागे सापडतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, पेपिन सरोवरावर, राल्फ सॅम्युएलसन हा अठरा वर्षांचा मुलगा पाण्यावर उभा राहण्याच्या खटपटीत होता. पिंपाच्या फळ्या आणि बर्फावरच्या स्की वापरून जमले नाही, तेव्हा त्याने लाकडी फळ्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली. त्या फळ्यांवर तो उभा राहिला. बोट त्याचा भाऊ चालवत होता. त्याच वर्षी निकोलस मिनोर्स्की या रशियातून अमेरिकेत आलेल्या अभियंत्याने जहाज आपोआप सरळ नेण्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. मुरलेला सुकाणूवाला काय करतो, हे त्याने पाहिले होते. जहाज आत्ता किती भरकटले आहे, एवढेच तो बघत नाही. आधीची चूक किती वेळ साचत आली आहे आणि चूक किती झपाट्याने बदलते आहे, याचाही तो अंदाज घेतो. या तीन राशींची बेरीज आजही बहुतेक नियंत्रकांच्या पोटात असते. साचलेल्या चुकीची रक्कम वॉटची तूट भरून काढते, आणि बदलाच्या दराची रक्कम झोक्यांना आवरते.

मोटारगाड्यांत ही सोय राल्फ टीटर या अंध अभियंत्याने आणली. त्याचे पेटंट १९५० चे, आणि क्रायस्लरच्या गाड्यांत ती १९५८ पासून आली. बोटींना मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातली परफेक्ट पास ही पेटी तेव्हा पसरली, आणि जुन्या बोटींचे पुष्कळ मालक ती घरच्या घरी बसवू लागले.

काम तसे सुटसुटीत. इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या मीटरच्या तारेतून पेटीला संकेत द्यायचा, १२ व्होल्टची जोडणी फ्यूजमधून घ्यायची, आणि थ्रॉटलच्या केबलच्या वाटेवर एक छोटी सर्व्हो मोटर बसवायची. पेटी हिशोब करते, मोटर केबल ओढते किंवा सोडते. जपायचे ते इथे : चालकाने दांडा मागे घेतला की पेटी काहीही म्हणो, थ्रॉटल पूर्ण मिटलाच पाहिजे. हे इंजिन बंद असताना दहादा करून पाहावे, कारण मागे दोरीच्या टोकाला माणूस असतो. तारा तापणाऱ्या नळकांड्यांपासून आणि फिरत्या पट्ट्यांपासून दूर बांधाव्यात. इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलची वाफ साठते, म्हणून इंजिन सुरू करण्याआधी पंखा चालवून ती बाहेर काढावी.

मग पाण्यावरची जुळवणी. फेरे सारखे ठेवले म्हणजे वेग सारखा राहिला असे नाही. बोटीत दोन माणसे जास्त बसली की तेवढ्याच फेऱ्यांना वेग कमी मिळतो, म्हणून माणसांचे वजन पेटीला सांगावे लागे. उपग्रहांवरून वेग मोजणाऱ्या पेट्या २००० च्या दशकात आल्या तेव्हा ही कटकट गेली. उपग्रह जमिनीच्या तुलनेतला वेग सांगतो, पाण्याच्या तुलनेतला नव्हे. पण बोये तळाशी नांगरलेले असतात, तेव्हा स्लालमला हवा तो हाच वेग.

झिरो ऑफ या उपग्रहाधारित पद्धतीत ओढ बसल्यावर इंजिनाने किती तत्परतेने आणि किती जोराने उत्तर द्यावे हे ए, बी, सी या अक्षरांनी आणि १, २, ३ या अंकांनी ठरते. एअरींच्या दुर्बिणीला छळणारी ती तीव्रता आता खेळाडू स्वतः निवडतो. कोणाला दोरी लगेच ताणलेली हवी असते, कोणाला जरा उशिरा. पाण्यात उतरण्याआधी तो चालकाला आपले अक्षर आणि अंक सांगतो, आणि चालकाकडे मुख्यतः बोट सरळ नेण्याचे काम उरते.