सड किती, तोंडं किती?

आज सुरुवात डुकरिणीपासून करतो. तिला साधारण चौदा सड. प्रत्येक पिल्लू पहिल्या काही दिवसांत आपला सड ठरवतं आणि पुढे तोच धरतं. दूध तासाभराने, वीसेक सेकंदच उतरतं. पिल्लं जास्त झाली म्हणून पहिल्या दिवसाचा चीक वाढत नाही. डेन्मार्कमध्ये एका वेतात जास्त पिल्लं, हा निकष धरून पिढ्यानपिढ्या निवड झाली. पिल्लं वाढली, पण हलक्या वजनाची आणि सडांपेक्षा जास्त. त्यांतली बरीच मरू लागली. शेवटी २००४ मध्ये निकष बदलला: पाचव्या दिवशी जिवंत असलेली पिल्लं मोजायची.

आपल्याकडे हाच पेच मेंढीच्या बाबतीत आला. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कोकणात उतरतात, शेतात मेंढ्या बसवतात, ते आपण पाहतोच. त्यांच्या दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. सुंदरबनातली गरोल मेंढी अंगाने लहान, पण जुळी-तिळी देते. बंगालच्या अशा मेंढ्या १७९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात गेल्या आणि तिथल्या बुरुला मेरिनोत हा गुण उतरला, असं मानतात. त्यामागचा जनुकातला बदल २००१ मध्ये सापडला.

बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये फलटणला कृषी संशोधन संस्था काढली. तिथे डॉ. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी गरोलचा हा गुण दख्खनीत आणला. पण मेंढीला सड दोनच! जुळी झाली तर दूध पुरणार कसं, कोकरं वाढणार कशी? म्हणून दूध आणि अंगलट यांसाठी इस्रायलची अवासी जातही संकरात घेतली. यातून ‘नारी सुवर्णा’ उभी राहिली.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. मला यात ‘सुधारणा’ या शब्दाचा इतिहास दिसतो. आपण जे मोजतो, तेच वाढतं. जे मोजत नाही, त्याची किंमत दुसरं कुणीतरी देतं. इथे आई देते. चारा कमी पडला की ती स्वतःची चरबी, मांस झिजवून दूध करते. कळपामागे रोज मैलोन्मैल चालणाऱ्या मेंढीला हे किती दिवस झेपेल?

म्हणून नवी जात आली की ‘किती पिल्लं देते’ एवढ्यावर थांबू नका. दूध सुटेपर्यंत किती जगली, किती वजनाची झाली आणि आई पुढच्या वेताला उभी राहिली का, हेही विचारा. धनगर तेच विचारतो.