संशयावरून अटक

अलिबाग-पेणच्या बाजूला आपल्या आजोबांच्या पिढीला फौजदार दिसला की धडकी भरत असे. त्या धाकामागे कायदा होता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ५४ वे कलम पोलिसाला वॉरंटाशिवाय अटकेचा अधिकार देई. दखलपात्र गुन्ह्याचा 'वाजवी संशय' तेवढा पुरे होता. ५५ वे कलम तर याहून कडक. उपजीविकेचे उघड साधन नाही, किंवा स्वतःविषयी समाधानकारक माहिती देता येत नाही, एवढ्यावरून ठाण्याचा अंमलदार माणसाला धरू शके. पोटासाठी गाव सोडून आलेला गरीब माणूस समाधानकारक माहिती ती कोणती देणार?

पण त्याच संहितेत ६१ वे कलमही होते. धरलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय २४ तासांहून अधिक ठेवायचे नाही, प्रवासाचा वेळ वेगळा. गरिबाला आधार होता तो या घड्याळाचा. १९५० साली ही अट भारताच्या संविधानात, अनुच्छेद २२ मध्ये आली. प्रतिबंधक स्थानबद्धतेला मात्र तिथेही त्यातून सूट मिळाली.

आता आपण राहतो त्या देशाकडे वळू. येथेही इंग्रजच राज्य करीत होते. १९४५ साली त्यांनी संरक्षण (आणीबाणी) नियम काढले. त्यांतील १११ व्या नियमाने लष्करी कमांडर कोणालाही आरोपपत्र व खटला यांशिवाय स्थानबद्ध करू शके. २९ जून १९४६ रोजी, शब्बाथच्या दिवशी, धरपकड झाली आणि सुमारे २,७०० ज्यू पकडले गेले. पुढे पंतप्रधान झालेले मोशे शारेट त्या वेळी लाट्रुनच्या छावणीत अडकले होते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत तेल अवीव येथे ज्यू वकिलांची परिषद भरली होती. असे कायदे नाझी जर्मनीतही नव्हते, अशा अर्थाचे उद्गार याकोव्ह शिमशोन शापिरा यांनी तेथे काढले. राज्य स्थापन झाल्यावर हेच शापिरा पहिले ॲटर्नी जनरल झाले, पुढे न्यायमंत्रीही. नियम मात्र राहिले! १९६६ पर्यंत अरब नागरिकांवरील लष्करी प्रशासन त्यांच्याच आधारे चालले.

१९७९ साली इस्राएलपुरता १११ वा नियम रद्द झाला आणि नवा कायदा आला. स्थानबद्धतेचा हुकूम आता संरक्षणमंत्री देतात, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत, आणि तो वाढवता येतो. माणसाला ४८ तासांच्या आत जिल्हा न्यायालयाच्या अध्यक्षांपुढे न्यावे लागते. आरोपपत्र अजूनही लागत नाही.