संस्थेचा उद्योग काढायचाय? आधी पाठीशी कोण आणि किती वर्षं, ते ठरवा

वाघोली : महिला मंडळ, तरुण मंडळ, बचत गटांचा संघ असं काही ना काही प्रत्येक गावात असतंच. देणगी आली की काम चालतं, आटली की कार्यालयाला कुलूप. म्हणून बऱ्याच संस्थांना आता स्वतःचा उद्योग काढायचाय. याला सामाजिक उद्योग म्हणतात. धंदा धंद्यासारखाच, पण नफा एकाच्या घरी न जाता सभासदांच्या किंवा संस्थेच्या कामी येतो.

उदाहरण पुण्यातलंच आहे. ३० जून २०२१ रोजी वाघोलीसह २३ गावं पुणे महापालिकेत गेली, तेव्हापासून शहराचा कचरा हा आपलाही विषय झाला. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना बांधली. डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातल्या कार्यकर्त्या पाठीशी होत्या. आधी ओळखपत्रं मिळवली, सावकाराला पर्याय म्हणून पतसंस्था काढली. मग दारोदार कचरा गोळा करून पाहिला आणि त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. महापालिकेशी करार झाला २००८ मध्ये. म्हणजे संघटनेपासून करारापर्यंत पंधरा वर्षं गेली!

त्यातला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. घरटी शुल्क आणि भंगाराचे पैसे ही वेचकांची कमाई. पण समन्वयक, प्रशिक्षण, साहित्य यांचा खर्च त्यातून भागत नाही, म्हणून तो भार महापालिकेने उचलायचा असं ठरलं. हा खर्च कुणी उचलत नसता तर संस्था उभीच राहिली नसती. धोकाही तिथंच आहे. कराराची मुदत संपल्यावर २०२०-२१ मध्ये पुढं काय, असा प्रश्न सभासदांपुढं आलाच.

महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे 'माविम', १९७५ पासूनचं आहे. त्यांनी 'तेजस्विनी' कार्यक्रमात लोकसंचालित साधन केंद्रं उभी केली. आसपासच्या गावांतले बचत गट एकत्र येऊन केंद्र चालवतात, कारभार बायकांच्याच हातात. प्रशिक्षण आणि बँक कर्जाच्या कामासाठी केंद्र सेवाशुल्क घेतं आणि त्यातून आपला खर्च काढायला बघतं. सुरुवातीची वर्षं कार्यक्रमाचा आधार असतोच.

आता आपल्याकडचं. माझ्या पाहण्यातल्या एका गटाला चटणीचं यंत्र मिळालं, दोन दिवसांचं प्रशिक्षणही झालं. भाव ठरवताना मिरची, तेल, पिशवी धरली. वीजबिल आणि बायकांची मजुरी धरलीच नाही. विक्री बरी होती, पण हातात काही उरेना. आज यंत्रावर गोणपाट आहे. हसू नका, आपण शेतकरी तरी घरची मजुरी कुठं खर्चात धरतो?

म्हणून प्रशिक्षण देणारा आला की दोन गोष्टी विचारा. भाव काढायला शिकवणार का? आणि माल विकायला लागल्यावर वर्षभर तरी महिन्याला येऊन वही बघणार का? उद्योगाची हिशेबवही आणि बँक खातं देणगीपासून वेगळं ठेवा. खाण्याचा माल असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी विक्रीच्या आधी करून घ्या.

ग्रामीण भागातल्या गटांनी पंचायत समितीत 'उमेद'च्या कक्षात किंवा जवळच्या माविम केंद्रात चौकशी करावी. वाघोली आता महापालिकेत आहे, त्यामुळे इथल्या गटांनी महापालिकेच्या समाज विकास विभागात जायचं.