समुद्राचं गायरान मागणारा माल्टाचा राजदूत

आमच्या बंदरावर बातमीला गेलं की दोन आकडे हमखास कानावर पडतात. बारा नॉटिकल आणि दोनशे नॉटिकल. मासेमारीसाठी बारापर्यंत राज्याची हद्द, दोनशेपर्यंत देशाचा हक्क. परप्रांतीय ट्रॉलर आत घुसले की या बारावरूनच वाद पेटतो. वीसेक वर्षं मी हे आकडे छापतोय, पण दोनशेच्या पलीकडचा समुद्र कोणाचा, हे विचारायचं काही सुचलं नाही. शोधत गेलो तर आर्विड पार्डो हे नाव सापडलं.

जन्म १९१४ चा, रोममध्ये. वडील माल्टाचे, आई स्वीडनची. दोघंही लहानपणीच गेले. पुढे कायद्याचा अभ्यास केला. मुसोलिनीच्या विरोधात गेले म्हणून तुरुंगात पडले, तिथून सुटले तर गेस्टापोने उचललं. युद्ध संपल्यावर लंडनमध्ये हॉटेलात पडेल ते काम केलं आणि मग नव्या संयुक्त राष्ट्रसंघात चिकटले, तेही दप्तरखान्यात. कागद लावणारा माणूस!

१९६४ ला माल्टा स्वतंत्र झाला. देश केवढा, तर ३१६ चौरस किलोमीटर. आपले बहुतेक तालुके त्याहून मोठे. अशा देशाने पार्डोंना संयुक्त राष्ट्रसंघात आपला पहिला कायम प्रतिनिधी नेमलं. ना फौज, ना पैसा. अशा देशाच्या प्रतिनिधीने भाषण करावं, लोकांनी जांभया द्याव्यात, एवढीच अपेक्षा.

१ नोव्हेंबर १९६७. पार्डो समितीपुढे बोलायला उभे राहिले. सकाळी बोलले, दुपारी परत बोलले, सगळं मिळून तीनेक तास. मुद्दा एका पळवाटेचा होता. १९५८ च्या जिनिव्हा करारात समुद्रतळावरच्या हक्काची व्याख्या अशी होती की दोनशे मीटर खोलीपर्यंत किनाऱ्यालगतच्या देशाचा हक्क, आणि त्याच्याही पुढे जिथवर खनिज काढता येईल तिथवर. म्हणजे तंत्रज्ञान जसं वाढेल तशी हद्द आत आत सरकणार. ज्याचे हात लांब, त्याचा समुद्र. तळावर बटाट्याएवढे मँगनीजचे गोळे पसरलेत, त्यात निकेल, तांबं, कोबाल्ट आहे. शिवाय महासत्ता तिथे शस्त्रंही नेऊन ठेवतील, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडलं. आणि मागणी काय केली? देशांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ कोणाच्याही मालकीचा नाही, तो सगळ्या मानवजातीचा सामाईक वारसा आहे असं ठरवा. त्यावर एक आंतरराष्ट्रीय यंत्रणा नेमा आणि उत्पन्नात गरीब देशांचा विचार आधी करा.

आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी समुद्राचं गायरान मागितलं. आता गायरानाचं आपल्याकडे काय होतं ते मी सांगायला नको.

खरं तेही सांगितलं पाहिजे. त्या खनिजांच्या किमतीचे त्यांनी दिलेले अंदाज फारच फुगलेले निघाले. मोठा पैसा दिसला म्हणून सगळे खडबडून जागे झाले, हेही तितकंच खरं. १९७० मध्ये आमसभेने हे तत्त्व १०८ विरुद्ध शून्य मतांनी मान्य केलं. १४ देश तटस्थ राहिले.

१९७१ मध्ये माल्टात सरकार बदललं आणि पार्डोंचं पद गेलं. ज्या कायद्याची ठिणगी त्यांनी टाकली, त्याच्या १९७३ ते १९८२ च्या मुख्य वाटाघाटींत ते राजदूत म्हणून नव्हते. पुढे कॅलिफोर्नियात शिकवत राहिले. १९८२ ला जमैकात सागरी कायद्याचा करार झाला, पहिल्याच दिवशी ११९ सह्या. सामाईक वारसा हे शब्द त्यात आले. पण मासळी आणि तेल बहुतेक सगळं दोनशे मैलांच्या आत, ते ज्या त्या देशाला. सामाईक म्हणून उरले ते मुख्यतः अंधाऱ्या तळावरचे गोळे. याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत होतं. १९९९ मध्ये ते वारले.

त्या गोळ्यांशी आपलाही संबंध आहे. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ ला समुद्रतळावरून पहिला गोळा वर काढला. १९८७ मध्ये अशा क्षेत्रासाठी नोंद झालेला पहिला देश भारतच. आज मध्य हिंदी महासागरात आपल्याकडे ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे, तेही त्या सामाईक यंत्रणेशी करार करून. अमेरिकेने मात्र त्या करारावर कधी सहीच केली नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी आपल्याच देशाच्या कायद्याखाली खोल समुद्रातल्या खाणकामाला परवाने देण्याचा आदेश काढला.

परवा हे सगळं मी बंदरावर एका तांडेलकाकांना सांगत होतो. जाळं शिवता शिवता त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मगे थंय राखणीक कोण आसा?”

जमैकात किंग्स्टनला एक कार्यालय आहे, असं मी सांगितलं. “गस्तीची बोट आसा त्यांच्याकडे?”

नाही म्हटलं. काकांनी सुतळी दातात धरली आणि पुढची गाठ मारायला घेतली.